रविवारची दुखापतींची यादी

भाल्या, तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझी टीम हरली. पहिल्या हाफमध्ये चांगली दहा-बारा पॉइंटांनी पुढे होती, आणि शेवटच्या चार मिनिटांत तिला एकही बास्केट करता आलं नाही. स्पर्धेतून बाहेर. माझ्या मनात पहिला विचार काय आला ठाऊक आहे? की हे ठरवून केलंय. तू बघायला नाहीस हे त्यांना कुणीतरी कळवलं असणार. मग लक्षात आलं की हा विचार माझा नाहीच, तुझा आहे, आणि जाताना तू तो माझ्या डोक्यात ठेवून गेलायस. चाळीस वर्षं मी तुला संशयखोर म्हणून हिणवलं, आणि आता कोलंबसजवळच्या डब्लिनमधल्या माझ्या घरात एकटा बसून मीच रेफ्रीचा चेहरा निरखतोय.

तुझ्या शोकसभेतही मला चैन पडली नाही. एकेक जण उठून सांगत होता की भालचंद्रराव म्हणजे शांत स्वभाव, मनाने निर्मळ, सगळ्यांवर विश्वास टाकणारा माणूस. मी दोनदा मान वर करून फोटो बघितला, चुकीच्या हॉलमध्ये तर नाही ना आलो म्हणून. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष तर गहिवरलेच. त्यांच्या निवडणुकीवर तू तीन पानी आक्षेप लिहिला होतास, तो त्यांनी बहुधा अजून जपून ठेवलाय. शेजारी बसलेली तुझी ईशा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, आर दे टॉकिंग अबाउट द सेम बाबा?" मी म्हटलं, "गप्प बस, लोक बघतायत." ती हसली आणि मग रडायला लागली. तुझ्या मुलीला तुझ्यासारखंच भलत्या ठिकाणी हसू येतं.

मी बोललो नाही. अध्यक्षांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, पण मी खाली बघत राहिलो. लोकांना वाटलं असेल, डॉक्टरांना दुःख अनावर झालं. दुःख होतंच रे. पण मी गप्प बसण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते कारण सांगायलाच हे लिहितोय.

आपली पहिली भेट तुला आठवत असणार, कारण तू काहीच विसरायचा नाहीस. मंडळाचा गणपती तेव्हा एका शाळेच्या जिममध्ये बसायचा. मखर बरोबर बास्केटच्या खाली, वर जाळी लोंबतेय आणि खाली आरती चाललीय. तू माझ्या शेजारी उभा होतास. टाळ्या वाजवता वाजवता तू माझ्याकडे वाकून म्हणालास, "ही रिंग दहा फुटांवर नाहीये." ना ओळख ना पाळख. मी म्हटलं, "असेल की." तू म्हणालास, "दोन इंच खाली आहे. शाळेची टीम घरच्या मैदानावर का जिंकते ते कळलं का?" पुढच्या वर्षी तू टेप घेऊन आलास. जॅनिटरकडून शिडी मिळवलीस, गणपतीच्या डोक्यावरून माप घेतलंस, आणि बरोबर दहा फूट भरले. मी पोट धरून हसलो. तू शिडीवरून उतरून शांतपणे म्हणालास, "टेप चुकीची आहे."

तिथून आपलं जमलं. तू मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत होतास, दिवसभर बोल्ट नाकारायचास. "संशय हाच माझा पगार," असं तू अभिमानाने सांगायचास. मी रेडिऑलॉजिस्ट, आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या पोटातले फोटो वाचले. आमच्या रिपोर्टांत 'संशयास्पद' हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. तेव्हा धंद्याने आपण एकाच जातीचे, पण मी माझा संशय संध्याकाळी हॉस्पिटलात ठेवून घरी यायचो आणि तू तुझा बरोबर घेऊन यायचास. त्यात तू कोलंबसच्या युनिव्हर्सिटीत शिकलेला आणि मी रेसिडेन्सी केली ती उत्तरेच्या शेजारी राज्यात. म्हणजे जन्माचं वैर. वर्षातून दोनदा त्या दोन टीम भिडायच्या तेव्हा कुमुदवहिनी आपल्या दोघांच्या मध्ये सोफ्यावर उशी ठेवायच्या. एकदा मी माझ्या टीमचा निळा स्वेटर घालून आलो, तर तू मला तुझ्या घरात पाऊल ठेवू दिलं नाहीस. बाहेर बर्फ पडत होता. मी गॅरेजमध्ये स्वेटर काढून, कुडकुडत, नुसत्या बनियनवर मॅच बघितली आणि वर तुझ्याकडचा चहाही प्यायलो.

तुझा कशावर म्हणून विश्वास नव्हता. स्पर्धेत कुणाला घ्यायचं, कुणाला कुणासमोर उभं करायचं हे ठरवणाऱ्या कमिटीवर तर नाहीच. "जिथे कमिटी तिथे घोळ," हा तुझा सिद्धान्त मंडळाच्या अनुभवावर उभा होता. टीव्हीवर सकाळच्या कार्यक्रमात टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांवर ओरडणारे ते दोन माजी खेळाडू बघून तू म्हणायचास, "हे जाहिरातीच्या वेळात नाणं उडवून ठरवतात, आज कुणी कुठली बाजू घ्यायची." आणि खरंच, आठवड्याभराने दोघे बाजू बदलून तितक्याच तावातावाने ओरडताना दिसायचे. ज्या बातमीदाराला कुठला खेळाडू कुठे जाणार हे सगळ्यांच्या आधी कळतं, त्याची बातमी आली की तुझा एकच प्रश्न: "ही बातमी फुटली तर फायदा कुणाचा?" फायदा ज्याचा, बातमी त्याची. हे तुझं मला अजूनही पटतं. हल्ली मॅचच्या मध्येच सट्ट्याच्या ॲपच्या जाहिराती येतात, आणि त्याच तोंडाने कॉमेंटेटर पुढे खेळातल्या सचोटीबद्दल बोलतो. तेव्हा तू फक्त टीव्हीकडे बोट दाखवायचास. बोलायची गरजच उरायची नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्याकडून अपेक्षित नव्हती. कॉलेजच्या पोरांना आता पैसे मिळतात, ती दरवर्षी कॉलेज बदलतात, यावर आपल्या वयाचे सगळे नाकं मुरडतात. मीही. तू नाही. तू म्हणालास, "आपण शिकत असताना लायब्ररीत पुस्तकं लावून किती मिळायचं आठवतं का? आणि या पोरांच्या जिवावर कोच केवढ्या घरात राहतो बघ. जाऊ देत त्यांना कुठे जायचं तिथे." मी म्हटलं, "मग निष्ठा?" तू म्हणालास, "निष्ठा त्यांनीच का दाखवायची?" तुझा संशय नेहमी वरच्यांवर असायचा, कमिटीवर, मालकांवर, स्टुडिओतल्या सुटाबुटातल्या लोकांवर. मैदानात घाम गाळणाऱ्या पोरावर तू तो क्वचितच घेतलास. हे मला तू असताना दिसलं नाही.

रविवारच्या यादीची सुरुवात ईशामुळे झाली. तिच्या वाढदिवसाला तू तिला क्लीव्हलंडला प्रोफेशनल मॅच दाखवायला घेऊन गेलास. दोन-अडीच तास बर्फातून ड्राइव्ह. जो खेळाडू बघायला गेलात तो सूट घालून बेंचवर बसला होता. गुडघा दुखतो म्हणे. ईशा हिरमुसली. तू घरी आल्या आल्या मला फोन केलास. "अन्या, तू टीव्हीवर बघितलंस ना? शेवटच्या बास्केटला तो कसा उडी मारून उठला? गुडघा दुखणारा माणूस असा उठतो का?" मी म्हटलं, "नाही उठत. गुडघ्याला काही झालेलं नाही, त्याला आराम दिलाय." मग म्हणालास, "म्हणजे तुला बघून कळतं?"

झालं. पुढच्या रविवारी तू प्रत्येक टीमची दुखापतींची यादी प्रिंट काढून आणलीस. तुझ्या घरी स्वयंपाकघरातलं ते गोल टेबल, वहिनींचे पोहे, वर खोबरं, आणि तू चष्मा नाकावर ओढून वाचायचास: "सेंटर. घोटा. खेळेल की नाही शंका." मी टीम कशी खेळतेय, पोरगा शेवटचा कसा लंगडला हे आठवून सांगायचो: खरं आहे, तीन आठवडे. किंवा: खोटं, कोचशी भांडलाय. किंवा: याचा सीझन संपला, ते सांगत नाहीयेत. तू समासात लिहून ठेवायचास, खरं, खोटं, लपवतायत, आणि मग आठवडाभर माझे निकाल तपासायचास. वीसेक वर्षं आपण हे केलं. माझं चुकायचं, पण फार नाही. एकदा तू वहिनींना म्हणालास, "या देशात मला खरं सांगणारा एकच माणूस आहे, आणि तोही उत्तरेच्या टीमचा आहे." वहिनी म्हणाल्या, "घ्या, भावजी, आणखी पोहे घ्या." तेव्हा मला ते ऐकून गुदगुल्या झाल्या होत्या.

आपला खरा वाद एकदाच झाला आणि तो मिटलाच नाही. एका छोट्या कॉलेजचा तो पोरगा तुला आठवतो? नडगीच्या हाडाला बारीक तडा होता आणि टीमने त्याला नुसतं 'दुखतंय, खेळून जाईल' असं सांगितलं होतं. तो खेळला, जिंकून दिलं, आणि पुढच्या मॅचला पाय मोडून पडला. तू आठवडाभर धुमसत होतास. "तो डॉक्टर आहे का दलाल? पाय पोराचा आहे. आधी पोराला सांगायला नको?" मी डॉक्टरांची बाजू घेतली. म्हटलं, "आयुष्यातली एक मॅच होती त्याची. सांगितलं असतं तर ती पण गेली असती. कधी कधी माणसाला खेळू द्यावं." तू चष्मा काढून माझ्याकडे बघितलंस. "मग ते त्याने ठरवायचं ना? तुम्ही कोण?" मी विषय बदलला. तू बदलला नाहीस. नंतर कधीही मी एखाद्या खेळाडूबद्दल गुळमुळीत बोललो की तू म्हणायचास, "नडगी करू नकोस, अन्या. सरळ सांग."

आता फेब्रुवारी.

पोटाच्या कॅन्सरचं निदान आधीच्या उन्हाळ्यात झालं होतं आणि औषधं चालू होती. तुझा हॉस्पिटलच्या वेबसाइटवर विश्वास नव्हता, म्हणून तू तुझे रिपोर्ट उघडायचा नाहीस आणि पासवर्ड कुणाला द्यायचा नाहीस, ईशालासुद्धा नाही. वहिनी बर्फात गाडी चालवत नाहीत, तेव्हा त्या अपॉइंटमेंटला तुला मीच घेऊन गेलो. ती तरुण डॉक्टर चांगली होती. तिने स्क्रीन आपल्याकडे वळवली आणि समजावून सांगायला लागली. तू तिच्या तोंडाकडे बघत होतास. मी फोटोकडे बघत होतो. भाल्या, मला दोन सेकंदही लागले नाहीत. यकृतभर पसरलं होतं. ती म्हणाली, दुसरं एक औषध आहे, ते देऊन बघता येईल, आणि तुम्हाला या दिवसांत काय महत्त्वाचं वाटतं त्याबद्दलही आपण बोलूया. आम्ही डॉक्टर लोक हे वाक्य कधी बोलतो ते मला ठाऊक आहे. तुला ठाऊक नव्हतं. तू विचारलंस, "किती वेळ?" ती म्हणाली, "प्रत्येक पेशंट वेगळा असतो." तू माझ्याकडे वळून मराठीत म्हणालास, "ही स्टुडिओतली आहे." आणि गाडीत मी काही बोलायच्या आत म्हणालास, "आत्ता नको. रविवारी."

रविवारी यादी नेहमीसारखी वाचलीस. पोहे होते, तू चार घास खाल्लेस. शेवटचं नाव झाल्यावर कागद न बघता त्याच आवाजात म्हणालास, "भालचंद्र. फॉरवर्ड. वय बहात्तर. पोट. बोल."

वहिनी ओट्याशी होत्या, पाठमोऱ्या. त्यांचा हात थांबला ते मी बघितलं. मला आकडा ठाऊक होता, तोही महिन्यांत नाही, आठवड्यांत. वीस वर्षं त्या टेबलावर मी एकाही खेळाडूला सूट दिली नव्हती. आणि मी म्हणालो, "थोडं वाढलंय. नवीन औषध लागू पडेल. रोजच्या रोज बघायचं, दुसरं काय. फक्त पडून राहू नकोस, चालत राहा. अंगात ताकद ठेवलीस तर पुढचा सीझनसुद्धा बघशील."

हे मी तुझ्यासाठी बोललो असं मला स्वतःला सांगता आलं असतं. ते खरं नाही. मला पुढचा रविवार हवा होता. आणि त्याच्या पुढचा. तू मला विचारलंस आणि मी घाबरलो, बस्स, इतकंच.

तू पेनाचं टोपण लावलंस. समासात काही लिहिलं नाहीस. माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलंस, आणि म्हणालास, "बरं."

त्या दिवसापासून मी तुझ्यावर संशय घ्यायला लागलो. वाटायचं, तुला कळलंय. रेफ्रीच्या शिट्टीवरून त्याचं मन ओळखणारा माणूस, त्याला माझा आवाज कळणार नाही? मी तुझ्यावर पाळत ठेवायला लागलो, पुरावे गोळा करायला लागलो, अगदी तुझ्यासारखा. तू ईशाला अ‍ॅशबर्नच्या तिच्या घरून दर शनिवार-रविवार यायला सांगितलंस: पुरावा एक. मंडळाच्या अध्यक्षांशी फोनवर गोड बोललास: पुरावा दोन. आणि सगळ्यात मोठा पुरावा मार्चमधल्या आपल्या वैराच्या मॅचचा. शेवटच्या सहा सेकंदांत तुझा गडी आणि माझा गडी आदळले. रेफ्रीने तुझ्या गड्याच्या विरुद्ध शिट्टी दिली. मी म्हटलं, "बरोबर आहे, तोच अंगावर गेला." मला वाटलं आता वहिनी उशी आणतील. आणि तू डोळे मिटून म्हणालास, "असेल बाबा. तू म्हणतोस तर असेल."

चाळीस वर्षांत तू एकही शिट्टी मला दिली नव्हतीस! तेव्हा माझी खात्रीच पटली. भाल्याला सगळं ठाऊक आहे आणि तो मला सांभाळून घेतोय. मी खोटं बोललो हे ओळखून त्याने मला माफ केलंय. खरं सांगतो, त्या विचारावर मी जगलो. तू गेलास त्या सकाळीही, वहिनींचा फोन ठेवल्यावर, मी स्वतःशी हेच म्हटलं: त्याला माहीत होतं. म्हणजे माझं खोटं कुणाला लागलं नाही.

आणि तरी मी शोकसभेत बोलू शकलो नाही. तुझ्याबद्दल चार शब्द बोलायचे म्हणजे ते वाक्य सांगावं लागलं असतं, की या देशात याला खरं सांगणारा एकच माणूस होता. ते कसं सांगू?

परवा वहिनींकडे गेलो. ईशा परत गेलीय, पाहुणे पांगलेत. वहिनींनी तुझ्या याद्यांचे गठ्ठे टेबलावर काढून ठेवले होते, मला हवे असतील म्हणून. मी फेब्रुवारीचा कागद शोधला, मिळाला. सगळ्या टीमच्या समोर तुझं अक्षर होतं. खाली, तुझ्यासाठी, काही नव्हतं. पाठीमागे उलटून बघितलं. तिथेही काही नाही. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "काय शोधताय, भावजी?"

"काही नाही."

त्या समोर बसल्या. "एक विचारू? रागावू नका. तुम्हाला ठाऊक होतं?"

मी बोलायला सुरुवात केली. या आजारात असं असतं, औषधं कधी लागू पडतात, कधी पडत नाहीत, प्रत्येक पेशंट... आणि मला माझाच आवाज ऐकू आला. तू असतास तर टीव्हीकडे दाखवायचास तसं बोट दाखवलं असतंस. मी थांबलो. म्हटलं, "हो."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. त्या अपॉइंटमेंटपासून."

त्या याद्यांचा गठ्ठा सारखा करत राहिल्या. मला राहवेना. माझ्याकडे एवढीच एक गोष्ट होती, ती मी पुढे केली. "पण वहिनी, त्यालाही माहीत होतं. मला वाटतं त्याने ओळखलं होतं. त्या मॅचला तो माझ्याशी भांडलासुद्धा नाही."

"त्या दिवशी?" वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी ते दोन फेऱ्या मारून आले होते. ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत, दोनदा. घरात आल्यावर त्यांना बोलायचं त्राण नव्हतं हो. भांडणार कुठून?"

मी तो फेब्रुवारीचा कागद टेबलावर पालथा ठेवला.

"रोज चालायचे. पाय सुजलेले, बूट चढायचे नाहीत, तर ईशाने आणलेले ते मोठे बर्फातले बूट घालून. मी म्हणायचे, आज राहू द्या. तर म्हणायचे, अन्याने सांगितलंय. पुढचा सीझन बघायचाय. अन्या मला कधी खोटं सांगत नाही." त्यांनी पदर तोंडाला लावला. "शेवटी शेवटी मीच मागे लागायला लागले. एकदा मेलबॉक्सला धरून उभे राहिले, म्हणाले, कुमुद, आज नको. आणि मी म्हटलं, आळस करू नका, भावजी काय म्हणाले आठवतंय ना? मी त्यांना हाताला धरून परत आणलं आणि उद्या तिथून पुढे जायचं म्हणून बजावलं. मला सांगितलं असतंत तर मी त्यांना झोपू दिलं असतं."

त्यांनी मला दोष दिला नाही. थोड्या वेळाने उठून माझ्यासाठी चहाचं आधण ठेवलं, आणि ते बघणं मला त्यांच्या रागापेक्षा जड गेलं. मी त्यांची माफी मागितली. त्या पाठमोऱ्याच "हं" म्हणाल्या.

कमिटीवर घेतलास, रेफ्रीवर घेतलास, त्या बिचाऱ्या तरुण डॉक्टरवर घेतलास, तुझ्या स्वतःच्या टेपवर घेतलास. माझ्यावर का नाही रे घेतलास संशय, भाल्या?